निळा धूर म्हणजे बोअर गेला, असं नसतं

पावसाळाभर गोठ्यात उभी असलेली जुनी बुलेट दिवाळीत बाहेर काढली, किक मारली आणि अंगण निळ्या धुरानं भरलं की आमच्या दारव्हा-दिग्रस भागात निकाल ठरलेला: "बोअर गेला, इंजिन खोला." म्हणजे सिलिंडर आतून झिजला, हा समज चुकीचा आहे.

जुन्या बुलेटच्या कास्ट आयर्न इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) वेगळ्या कप्प्यात असते. एक पंप तेल इंजिनात ढकलतो, दुसरा खाली साचलेलं टाकीत परत नेतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली उतरतं. जळतं ते हेच. परतीचा पंप धड असेल तर काही मिनिटांत धूर ओसरतो.

नुकसान पुढं होतं. टाकीतलं तेल मोजायची पट्टी कोरडी दिसते, आपण वरून तेल ओततो. वडिलांच्या गाडीत मीही ओतलं होतं. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून तेल बाहेर आलं. म्हणून आधी क्रँककेसच्या तळाचा ड्रेन बोल्ट खोलून साचलेलं तेल काढा, मग टाकी भरा. पट्टी बघायची ती इंजिन चालवून बंद केल्याबरोबर.

गरम गाडीचाही धूर थांबत नाही आणि त्या बोल्टातून पुन्हा भरपूर तेल निघतं? परतीचा पंप तपासा. तेल साचलेलं नाही, तरी रेस देताना धूर येतो, तेव्हाच पिस्टनच्या रिंगा आणि बोअरकडे वळा.