कचेरीतल्या संगणकावरचा सर्च सर्व्हर : एक पार्श्वभूमी

कोकणपट्टीत जुनी वाचनालये पुष्कळ आहेत. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आणि सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचे. त्यांच्यामागोमाग लहान गावांतूनही ग्रंथालये, शिक्षणसंस्था आणि देवस्थाने उभी राहिली, आणि प्रत्येकाकडे स्मरणिका, इतिवृत्ते, हस्तलिखिते व जुने अंक साठत गेले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा भिजलेल्या कागदाचा लगदा व्हायला एक रात्र पुरते हे सर्वांनी पाहिले, आणि स्कॅनिंगची निकड त्यानंतर कोणाला समजावून सांगावी लागली नाही. मात्र स्कॅन केलेली हजारो पाने संगणकात गेली की दुसरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे त्यांतले नेमके पान सापडायचे कसे. त्याचे प्रचलित उत्तर म्हणजे सोलर किंवा इलॅस्टिकसर्च यांसारखे सर्च सर्व्हरचे सॉफ्टवेअर कचेरीतल्या विंडोज संगणकावर बसवणे आणि बाकीच्या टेबलांवरून ब्राउझरमधून त्याला प्रश्न विचारणे. हे सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या लेखी डेस्कटॉप ही केवळ शिकण्याची आणि चाचणीची जागा होती; खरे काम कुठेतरी वातानुकूलित खोलीतल्या लिनक्स यंत्रांवर चालायचे, असेच त्यांनी गृहीत धरले. इथल्या संस्थेत मात्र तोच डेस्कटॉप कायमचा सर्व्हर असतो. बसवताना येणाऱ्या अडचणींपैकी बहुतेकांचे मूळ या एका विसंगतीत सापडते.

मूळ तत्त्व संगणकाच्या पडद्याइतकेही नवे नाही. प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या दस्तऐवजांत आला आहे याची नोंद ठेवायची, म्हणजे शोधताना सगळे दस्तऐवज वाचावे लागत नाहीत; ग्रंथाच्या शेवटी छापलेली शब्दसूची हेच काम करते. निकालांचा क्रम लावण्याचे गणित जेरार्ड सॉल्टन यांच्या चमूने १९६० च्या दशकापासून ‘स्मार्ट’ या प्रणालीतून विकसित केले, आणि जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत येतो त्याला अधिक वजन द्यावे, ही आजही वापरात असलेली कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली.

हे तत्त्व डेस्कटॉपवर आणण्याचे प्रयत्न सर्च सर्व्हरच्या आधीपासून आणि त्याच्या बाजूने चालू होते. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विंडोज एनटीसाठी इंडेक्स सर्व्हर आणला आणि पुढे विंडोज २००० मध्ये तो इंडेक्सिंग सर्व्हिस या नावाने थेट कार्यप्रणालीत आला. त्याहून लक्षणीय म्हणजे ऑक्टोबर २००४ मध्ये आलेले गूगल डेस्कटॉप. ते वापरणाऱ्याच्याच संगणकावर एक छोटा वेब सर्व्हर चालवत असे आणि निकाल ब्राउझरमध्ये ४६६४ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, दाखवत असे. म्हणजे घरगुती यंत्रावर शोधसर्व्हर निमूटपणे चालू शकतो, हे सामान्य माणसाने नकळत अनुभवले ते इथेच. पण तो सर्व्हर एकट्या मालकासाठी होता, शेजारच्या टेबलासाठी नव्हे. सप्टेंबर २०११ मध्ये ते बंद झाले. तोवर विंडोज आणि मॅक या दोन्ही प्रणालींत शोधाची सोय अंगभूत आली होती, परंतु तीही आपल्याच फाइली आपल्यालाच शोधून देणारी. अनेकांनी मिळून वापरायचा, क्षेत्रवार शोध घेणारा, वर्ष आणि लेखकानुसार निकाल गाळून देणारा सर्व्हर हवा असेल, तर दुसऱ्या परंपरेकडे वळावे लागत होते.

ती परंपरा ल्यूसीन या शोधाच्या सॉफ्टवेअरपासून सुरू होते. झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात, ॲपलमध्ये आणि एक्साइटमध्ये शोधप्रणालींवर काम केलेल्या डग कटिंग यांनी १९९९ मध्ये ते जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिले. २००१ मध्ये ते अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानच्या छत्राखाली आले. जावाची निवड पुढच्या सगळ्या इतिहासाला पुरून उरली. एकदा लिहिलेला कार्यक्रम कोणत्याही कार्यप्रणालीवर चालावा हे जावाचे वचन होते, आणि त्यामुळेच लिनक्ससाठी लिहिलेला सर्व्हर विंडोजवर जवळजवळ तसाच चालतो. त्याची किंमतही जावाच वसूल करते : यंत्रावर योग्य आवृत्तीचा जावा हवा, त्याचा पत्ता जावा-होम या चलामध्ये अचूक लिहिलेला हवा, आणि ३२-बिटी जावाला दीड गिगाबाइटच्या आसपासच स्मृती घेता येत असल्याने जुन्या यंत्रावर मोठा संग्रह हाताळणे अवघड जायचे. २०१९ मध्ये ओरॅकलने जावा ८ च्या नव्या सुधारणांच्या व्यावसायिक वापराच्या अटी बदलल्या, तेव्हापासून ओपनजेडीके या जावाच्या मुक्त रूपाची एखादी मोफत आवृत्ती घेणे हा रिवाज झाला.

ल्यूसीन हा सर्व्हर नव्हता. इतर कार्यक्रमांनी आपल्यात जोडून घ्यावा असा तो तयार कोडचा एक संच, म्हणजे ‘लायब्ररी’, होता. सीनेट या कंपनीत २००४ मध्ये योनिक सीली यांनी त्याला सर्व्हरचे रूप दिले, आणि जानेवारी २००६ मध्ये ते काम अपाचेकडे सुपूर्द झाले. तेच सोलर, सूर्यपंपांशी त्याचा संबंध नाही. प्रश्न वेब पत्त्यातून विचारायचा आणि उत्तर एक्सएमएल या साध्या मजकुराच्या मांडणीत घ्यायचे, ही त्याची रीत इतकी सुटसुटीत होती की वापरणाऱ्याला जावाचे एक अक्षरही येण्याची गरज उरली नाही. बसवणे मात्र तितके सोपे नव्हते. सोलर एका गठ्ठा-फाइलच्या रूपात मिळे आणि तो टॉमकॅटसारख्या जावा सर्व्हरमध्ये ठेवावा लागे. ज्यांना हा उपद्व्याप नको असे, त्यांच्यासाठी सोबत ‘एक्झाम्पल’ नावाचे फोल्डर असे. त्यात जेटी हा छोटा सर्व्हर तयार असायचा. आज्ञा टंकण्याच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) जावाची एक ओळ लिहिली की ८९८३ क्रमांकाच्या पोर्टवर सोलर सुरू. निर्मात्यांनी ते नमुना म्हणून दिले होते, परंतु जगभर कित्येकांनी त्या नमुन्यावरच वर्षानुवर्षे खरा कारभार हाकला, आणि डेस्कटॉपवर तर दुसरे काही करण्याचे कारणच नव्हते. फक्त एवढेच की ती काळी खिडकी कोणी बंद केली की शोधही बंद. संध्याकाळी टेबल आवरणारा माणूस पडद्यावरची अनोळखी खिडकी बंद करणारच. त्यात त्याचा दोष नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या सोलर ५.० ने हा प्रकार सुधारला. गठ्ठा-फाइल टॉमकॅटमध्ये ठेवण्याची पद्धत मोडीत निघाली, ‘एक्झाम्पल’ऐवजी ‘सर्व्हर’ हे फोल्डर आले, आणि आदल्या ४.१० आवृत्तीपासून लिनक्सप्रमाणे विंडोजसाठीही मिळू लागलेल्या सुरू व बंद करण्याच्या आज्ञा हीच रूढ पद्धत झाली. तरीही एक भेद राहिलाच. यंत्र सुरू होताच आपोआप चालू होणारी सेवा म्हणून सोलर बसवण्याची तयार आज्ञावली लिनक्ससाठी देण्यात आली. विंडोजवाल्यांनी टास्क शेड्यूलर किंवा एनएसएसएमसारखे तिसऱ्याचे साधन वापरून आपली वाट काढायची. पावसाळ्यात जिथे दिवसातून अनेकदा वीज जाते, तिथे यंत्र परत सुरू झाल्यावर शोधही आपोआप उभा राहणे ही चैन नव्हे, आणि नेमकी तीच गोष्ट नियमपुस्तिकेच्या बाहेर राहिली.

इलॅस्टिकसर्चची कहाणी थोडी वेगळी आहे. शाय बॅनन यांची पत्नी लंडनमध्ये पाककलेचे शिक्षण घेत होती. तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्यांनी ल्यूसीनभोवती आधी कंपास नावाचे साधन रचले, आणि पुढे अनेक यंत्रांवर विभागून चालण्याचा विचार पायापासून करून फेब्रुवारी २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च प्रसिद्ध केले. विंडोजची सेवा म्हणून ते बसवण्याची आज्ञावली सोबतच मिळू लागली, आणि एप्रिल २०१९ मधील ७.० पासून जावाही त्याच पुडक्यात आला. या दोन बाबतींत डेस्कटॉपचा वापरकर्ता इथे अधिक सुखी आहे.

अडचण दुसऱ्या बाजूने आली. सुरुवातीच्या आवृत्त्या जाळ्यावरच्या (नेटवर्कवरच्या) कोणालाही दार उघडून देत. बाहेरून आलेल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोट्या आज्ञावल्या, चालवून यंत्र ताब्यात घेता येते हे २०१४ मध्ये उघड झाले. ऑक्टोबर २०१५ मधील २.० पासून सर्व्हर मुळात फक्त स्वतःच्याच यंत्राला, म्हणजे लोकलहोस्टला, उत्तर देऊ लागला. तरीही जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे ठेवलेले अनेक सर्व्हर पुसून खंडणी मागण्याचे सत्र झाले. त्याआधीच, ऑक्टोबर २०१६ मधील ५.० पासून, सॉफ्टवेअर पत्त्यावरून स्वतःचे वळण ठरवू लागले होते : लोकलहोस्टवर असेपर्यंत ‘विकासाधीन’ समजायचे आणि त्रुटी दिसल्या तर केवळ बजावायचे; परंतु शेजारच्या संगणकाला उत्तर देण्यासाठी जाळ्याचा पत्ता दिला, की ‘उत्पादनातला’ समजून तपासण्या कठोर करायच्या आणि एखादी चुकली तर सुरूच व्हायचे नाही. वाचनालयाच्या दोन टेबलांमधली सहा फुटांची वायर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अशा रीतीने मोठ्या कारखान्याइतकी ठरली. फेब्रुवारी २०२२ मधील ८.० ने आणखी एक पाऊल टाकले. कूटबद्ध जोडणी आणि परवलीचा शब्द मुळातच चालू असू लागले. तो शब्द पहिल्यांदा सुरू करताना काळ्या खिडकीत एकदाच दिसतो आणि पुढच्या ओळींसोबत वर सरकून जातो. तेव्हाच वहीत उतरवून घेतला नाही तर तो नव्याने तयार करण्याची आज्ञा द्यावी लागते. मला हा बदल योग्यच वाटतो. संस्थेच्या वायफायचा परवलीचा शब्द अर्ध्या गावाला ठाऊक असतो, आणि त्या जाळ्यावर सभासदांच्या नोंदी उघड्या ठेवणे कोणत्याही अर्थाने साधेपणाचे लक्षण नाही.

वीज आणि फाइली यांचा इतिहास कमी सांगितला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबणे भाग आहे. एका वेळी एकानेच सूचीत लिहावे यासाठी ल्यूसीन ‘राइट.लॉक’ नावाची फाइल तयार करते. जुन्या साध्या पद्धतीत त्या फाइलचे असणे हेच कुलूप मानले जाई. त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल तशीच मागे राही आणि पुन्हा सुरू केल्यावर सर्व्हर ‘दुसरे कोणीतरी लिहीत आहे’ असे समजून अडून बसे. ती हाताने पुसण्याचा उपाय तेव्हापासून तोंडी पसरला. पुढे कार्यप्रणालीचेच कुलूप वापरण्याची पद्धत रूढ झाली आणि प्रक्रिया संपताच ते सुटू लागले, त्यामुळे हा उपाय आता गरजेचा नाही. उलट चालू सर्व्हरची ती फाइल पुसणे घातक आहे. ऑक्टोबर २०१२ मधील सोलर ४.० ने व्यवहारनोंदीची वही आणली, त्यामुळे अर्धवट राहिलेली भर पुन्हा सुरू होताना त्या वहीवरून पुरी केली जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्यानंतर दापोली-मंडणगडकडची अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली, तसे संकट आले तर कोणतीही वही पुरी पडणार नाही, हे खरे. पण रोजच्या दहा मिनिटांच्या खंडांसाठी ती पुरते.

विंडोजची म्हणून खास एक अडचण आहे. ल्यूसीन आपल्या सूचीचे लहान तुकडे वेळोवेळी एकत्र करून मोठा तुकडा बनवते आणि जुने पुसून टाकते. लिनक्सवर उघडी असलेली फाइलही पुसता येते. विंडोजवर येत नाही. म्हणून जुने तुकडे वापरातून सुटेपर्यंत डिस्कवर पडून राहतात, ल्यूसीन पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, आणि डिस्क का भरली असा प्रश्न पडतो. त्यात विषाणूरोधक सॉफ्टवेअर प्रत्येक नवी फाइल तपासण्यासाठी धरून ठेवते. सूचीचे फोल्डर त्या तपासणीतून वगळावे, आणि ते प्रोग्राम फाइल्समध्ये न ठेवता डी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरात ठेवावे, या जुन्या सल्ल्याचे कारण हे आहे. नावातल्या मोकळ्या जागेने अडखळणाऱ्या आज्ञावल्या आणि विंडोजची फाइलच्या पूर्ण पत्त्याची २६० अक्षरांची मर्यादा ही त्याची आणखी दोन कारणे.

परवान्यांचा भाग थोडक्यात सांगता येतो. इलॅस्टिकसर्चने २०२१ मध्ये आपला मुक्त परवाना सोडला, तेव्हा ॲमेझॉनने त्याच्या आधीच्या आवृत्तीवरून ओपनसर्च हा फाटा काढला. २०२४ मध्ये इलॅस्टिकसर्चने एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा दिला. सोलर मात्र आरंभापासून अपाचे परवान्यावरच आहे. एका कचेरीपुरत्या वापराला या वादाची झळ लागत नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. ल्यूसीनची ३.१ च्या आधीची मूळ शब्दतोडणी स्वरचिन्हांना अक्षरच मानत नसे, त्यामुळे ‘वाचनालय’ या एका शब्दाचे ‘व’, ‘चन’, ‘लय’ असे तीन तुकडे सूचीत जात. २०११ मधील ३.१ पासून युनिकोडच्या नियमांनी शब्द तोडले जाऊ लागले आणि हा दोष गेला. सोबत हिंदीसाठीची, एकाच शब्दाची वेगवेगळी लेखने सारखी करणारी गाळणी आली. मराठीला स्वतंत्र विश्लेषक, म्हणजे शब्द तोडून सूचीसाठी तयार करणारी सोय, नसल्याने सोलरवर बहुधा तीच लावली जाते, आणि तिचे परिणाम तपासून घ्यावे लागतात. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो, एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराने आणि एकदा र सोबत अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सूचीत मात्र वेगळे जातात. ही गाळणी दोन्हींना एक करते, हा लाभ. पण ती हलन्तही काढून टाकते, म्हणून किनाऱ्यावरचा ‘दर्या’ आणि सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ एकाच खणात जाऊन पडतात. ‘बैल’ आणि ‘बेल’, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचेही तेच. हिंदीसाठीचा मूळरूप-शोधक ‘वेंगुर्ल्यातल्या’, ‘वेंगुर्ल्याहून’ अशी रूपे ‘वेंगुर्ला’पर्यंत नेत नाही, आणि जुन्या अंकांत गावाचे नाव ‘वेंगुर्ले’ असेही छापलेले असते. त्यामुळे संस्थेतल्याच जाणत्या माणसाने गावांच्या नावांची आणि त्यांच्या रूपांची समानार्थी यादी साध्या मजकूर-फाइलमध्ये, एका ओळीत एक गाव याप्रमाणे, लिहून सर्व्हरला जोडणे हाच आजचा व्यवहार्य मार्ग आहे. ती यादी प्रश्न विचारतानाच्या टप्प्यावर जोडली, तर नवे नाव आठवल्यावर सगळी सूची पुन्हा बांधावी लागत नाही.