रडत नाही म्हणजे निर्धास्त?

जूनमध्ये कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एखाद्या बालवाडीच्या दारात सकाळी थोडा वेळ थांबलं की दिसतं. एक पोर आईच्या ओढणीला लोंबकळून आकांत मांडतं. दुसरं चपला काढतं, डबा सावरतं आणि मागं वळूनसुद्धा न बघता आत जातं. त्याची आज्जी बाकीच्या आयांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "आमचं पोरगं लई गुणाचं. रडत-बिडत न्हाई, सोडलं की गप आत जातंय."

गप आत जाणारी पोरं मात्र दोन तऱ्हांची असतात, आणि सोडताना ती हुबेहूब सारखी दिसतात. एक निर्धास्त. आई परत येणार, नडलं तर कुणीतरी जवळ घेणार, याची त्याला खात्री असते. दुसरं अलिप्त. रडून काही पदरात पडत नाही, उलट समोरचं माणूस आणखी वैतागतं, हे त्याला कळून चुकलेलं असतं. पहिल्याला फारशी भीती वाटत नाही. दुसरं ती दाखवत नाही. पुढं लग्नात, मैत्रीत, धंद्यातल्या भागीदारीत याच दोघांची गल्लत होते.

हा फरक नीट पकडला तो मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाचा, म्हणजे अटॅचमेंटचा सिद्धांत ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा. एन्सवर्थ यांनी त्यासाठी आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये माय-लेकरांना घरी जाऊन पाहिलं. बाल्टिमोरमध्येच त्यांनी एक वीसेक मिनिटांचा प्रयोग बसवला. साधारण वर्षाचं मूल, अनोळखी खोली, थोडी खेळणी. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. आपण बघणार ते आई जाताना मूल किती रडतं हे. एन्सवर्थ यांना जास्त सांगून गेलं ते आई परत आल्यावरचं वागणं. निर्धास्त मूल, आधी रडलेलं असो वा नसो, आईला बघून खुलतं किंवा तिच्याकडं झेपावतं, कडेवर शांत होतं आणि पुन्हा खेळायला उतरतं. अलिप्त मूल आई दारात दिसली की नजर वळवतं आणि हातातल्या खेळण्यात डोकं घालतं. (चिकटायचं आणि चिकटून वर लाथाही झाडायच्या, अशी तिसरी तऱ्हा आहे, पण तिला कुणी गुणाचं पोर म्हणत नाही, त्यामुळं ती बाजूला ठेवू.)

म्हणजे आज्जीबाईंना काही कळायचंच असेल तर ते सोडताना नाही, दुपारी न्यायला गेल्यावर कळेल.

खेळण्यात डोकं घातलेल्या त्या मुलाच्या आत काय चाललेलं असतं? 1977 मध्ये स्रूफ आणि वॉटर्स या संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. चेहरा थंड, पण ठोके वाढलेले. 1993 मध्ये जर्मनीत श्पांगलर आणि ग्रोसमान यांनी लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. तिथंही वरून शांत दिसणारी अलिप्त मुलं आतून शांत नव्हती.

हे मूल असं का वागतं? बाल्टिमोरच्या घरांत दिसलं होतं की अशा मुलांच्या आया, मूल घाबरलेलं किंवा रडवेलं असताना, त्याला जवळ घेणं पुन्हापुन्हा टाळायच्या. मग गप राहून आसपास राहणं हीच त्याच्या दृष्टीनं शहाणपणाची चाल ठरते. यावरून आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची घाई नको. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत चांगल्या जमलेल्या माय-लेकरांचेही सूर बराच वेळ जुळत नव्हते. बिनसलं की पुन्हा जुळवून घेतलं जातं की नाही, यावर सगळं होतं.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ज्या घरात पोर जन्मापासून आज्जी, काकी, आत्या यांच्या हातावर फिरलंय, त्याला आई चार तास नसण्याचं फारसं काही वाटत नाही. काही मुलं स्वभावानंच कमी रडवी असतात. 1988 मध्ये एन्सवर्थ यांच्याच प्रयोगातून गेलेल्या 8 देशांतल्या जवळपास 2000 मुलांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा सुमारे 65 टक्के निर्धास्त आणि 21 टक्के अलिप्त निघाली. पण त्यात भारत नव्हता. म्हणून बालवाडीच्या दारात कुणावर शिक्का मारू नये. घरी बघावं: पडून गुडघा फुटला, रात्री ताप चढला, तर पोर कुणाकडं धावतं? एकच मूल वडिलांशी अलिप्त आणि आज्जीशी निर्धास्त असू शकतं. बंध त्या-त्या माणसाशी असतो. कुणाकडंच धावत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

आता मोठी माणसं. समजा, उद्यमनगरात दोघांची वर्कशॉपं आहेत. दोघंही आपल्या पायावर उभे, दोघंही कुणापुढं हात न पसरणारे. दोघांचाही कास्टिंगचा लॉट रिजेक्ट होऊन परत येतो. पहिला रात्री हात धुता धुता बायकोला सांगतो, "अख्खा लॉट परत आलाय. काय करावं सुचंना झालंय." दुसऱ्याच्या बायकोला ते महिनाभरानं दिराकडून कळतं. तिनं विचारलं तर उत्तर येतं, "तुला काय कळतंय त्यातलं? वाढ जेवायला." आणि जेवून तो एकटाच रंकाळ्यावर फेरी मारायला निघतो. गल्लीत दोघांनाही 'खमका गडी' म्हणतात.

धंदा बरा चाललेला असताना या दोघांत फरक दिसणारच नाही. हे 1992 च्या एका प्रयोगात स्वच्छ दिसलं. सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांतल्या तरुणींना अंधाऱ्या, बिनखिडकीच्या खोलीतली यंत्रं दाखवली, थोड्या वेळात तुमच्यावर एक त्रासदायक प्रयोग होईल असं सांगितलं आणि जोडीदाराशेजारी बसवून ठेवलं. निर्धास्त तरुणी जितकी जास्त घाबरली तितकी जोडीदाराकडं वळली. अलिप्त तरुणी जितकी जास्त घाबरली तितकी त्याच्यापासून मागं सरली. आधार नको असं नाही. सगळ्यात जास्त हवा असतो तेव्हाच मागवत नाही.

मग पहिल्या वर्षातच सगळं ठरतं का? अमेरिकेत बाळपणी त्याच प्रयोगातून गेलेल्या 50 जणांना वयाच्या विशीत पुन्हा तपासलं तेव्हा 72 टक्के निर्धास्त की नाही या बाबतीत बाळपणीच्याच गटात होते. ज्यांचा गट बदलला त्यांच्यात आईबापांचा मृत्यू, घटस्फोट, मोठं आजारपण अशा घटना जास्त सापडल्या. मिनेसोटातल्या गरीब, अस्थिर घरांत वाढलेल्या मुलांत तर असा सरळ धागा सापडलाच नाही. बाळपण कल दाखवतं, पुढचं आयुष्य तो दोन्ही बाजूंनी वाकवतं.

उद्यमनगरातल्या त्या दुसऱ्या घरात "माझ्यापासून का लपवलंत?" या प्रश्नाचा उपयोग होत नाही, जाब विचारला की असा माणूस आणखी आत जातो. तो रंकाळ्याला निघाला की "थांबा, मीपण येते" म्हणून बरोबर चालायला लागावं, आणि लॉटचा विषय त्यानं काढेपर्यंत काढू नये. पहिल्या फेरीला तो बहुतेक काढणारही नाही.