अलेप्पोचे कारखाने सीमेपलीकडे कसे गेले

डिसेंबर २०२४ मध्ये बशर अल-असद यांची राजवट कोसळली, आणि तुर्कस्तानात बस्तान बसवलेल्या सीरियन कारखानदारांना जो तो विचारू लागला : आता परत कधी? पण मुळात हे लोक तिकडे गेले कसे, हे समजल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही.

सीरियातल्या अलेप्पोपासून तुर्कस्तानातले गाझियान्तेप जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. उस्मानी काळात अन्तेप (गाझियान्तेपचे जुने नाव) अलेप्पो प्रांतातच मोडत असे. मधली सीमा १९२१ च्या फ्रान्स-तुर्कस्तान कराराने आली. शेजारी देशात भांडवल हलवणेही अलेप्पोला नवे नव्हते. १९६१ आणि १९६५ च्या राष्ट्रीयीकरणानंतर अनेक उद्योजकांनी बैरूत गाठले होते. पुढे २००७ मध्ये तुर्कस्तानशी मुक्त व्यापार करार लागू झाला, २००९ मध्ये व्हिसाही उठला. तुर्की मालाच्या लोंढ्यात अलेप्पोतले कितीतरी छोटे फर्निचरवाले बुडाले. मात्र दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांची उठबस वाढली, आणि अडचणीच्या काळात हीच ओळख कामी आली.

जुलै २०१२ मध्ये सीरियातल्या गृहयुद्धाची लढाई अलेप्पो शहरात शिरली. शेख नज्जार ही मोठी औद्योगिक वसाहत गोळीबाराच्या टप्प्यात आली. याला ‘स्थलांतर’ म्हणणे मला फार सोज्वळ वाटते. कुणी सशस्त्र गटांना पैसे मोजून यंत्रे ट्रकवर चढवली, तर कुणाचे माग आणि मोटारी आधीच लुटल्या गेल्या होत्या. अलेप्पोतले सुमारे हजार कारखाने लुटून तुर्कस्तानात नेले गेले, अशी तक्रार सीरिया सरकारने जानेवारी २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे केली. तुर्कस्तानने आरोप फेटाळला.

साबणवाल्यांची अडचण निराळीच होती. अलेप्पोचा घार (अरबीत लॉरेल हे झाड) साबण म्हणजे ऑलिव्हचे तेल मोठ्या कढईत दिवसचे दिवस शिजवायचे, शेवटी त्यात लॉरेलच्या फळांचे तेल घालायचे, तो हिरवा लगदा जमिनीवर ओतून थापायचा, कापायचा आणि वड्यांचे पोकळ मनोरे रचून सहा-नऊ महिने वाळवायचे. बाहेरून सोनेरी झालेली वडी कापली की आत हिरवी निघते. कढई नवी घेता येते. वाळवणाच्या जाड दगडी भिंतींच्या खोल्या कशा नेणार? तरीही काहींनी गाझियान्तेप आणि मेर्सिनमध्ये पुन्हा भट्ट्या पेटवल्या. हा साबण करण्याची कारागिरी डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली.

तुर्कस्तानात पाय रोवणेही सोपे नव्हते. १९२७ च्या एका कायद्यामुळे सीरियन नागरिकाला तिथे स्वतःच्या नावावर जमीन-घर घेता येत नाही. त्यावर तोडगा म्हणजे कंपनी काढायची आणि जागा तिच्या नावावर करायची. २०१४ या एकाच वर्षात सीरियन भागीदार असलेल्या हजाराहून जास्त कंपन्या नोंदल्या गेल्या. मालकांना वाट सापडली, कामगारांना मात्र वर्षानुवर्षे नाही. युद्धामुळे आलेल्या सीरियन लोकांसाठी काम-परवान्याचा नियम थेट जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्यातही त्यांची संख्या साधारणपणे तुर्की कामगारांच्या दहा टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही, अशी अट. त्यामुळे बहुतेकजण बिनपरवाना, कमी मजुरीवर राबत राहिले, मुलेसुद्धा. या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त खुपते ते हेच.

६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात गाझियान्तेपसुद्धा हादरले. आता वाट मोकळी आहे. पण बारा वर्षांत गिऱ्हाइके तिकडची झाली, मुले तुर्की शाळांत शिकली. आणि २०२५ च्या सुरुवातीला अलेप्पोत सरकारी वीज दिवसाला काही तासच येत होती.