वंध्यत्व उपचारांनंतरचे शारीरिक बदल

मूल होण्यासाठी घेतलेल्या गोळ्या, इंजेक्शने, आययूआय (शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडणे), आयव्हीएफ (अंडी काढून, शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडणे, म्हणजे टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार) किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांच्यानंतर काही दिवस ते काही आठवडे जाणवणारे आणि बहुतांशी आपोआप ओसरणारे बदल. पोट फुगणे, ओटीपोटात ओढ लागणे, स्तन जड होणे, डाग लागणे, सारखी झोप येणे, कारण नसताना रडू येणे हे त्यांतले नेहमीचे. यांतले जवळजवळ प्रत्येक लक्षण औषधाने येते, पाळी जवळ आली म्हणून येते आणि दिवस राहिले तरी येते. त्यामुळे लक्षणावरून निकाल सांगता येत नाही. तो रक्ताच्या तपासणीतच कळतो. उपचार घेणाऱ्या बायकांना हे सांगितलेले असते, पण उपचार आणि तपासणी यांच्यामधल्या पंधरा दिवसांत ते मनाला पटत नाही.

भारतात हा उपचार नवा नाही. इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नातून दुसरे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या उपचारांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुलगी जन्मली. सहाय्यक प्रजननाचा केंद्रीय कायदा मात्र २०२१ चा. त्यानुसार अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची असून उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते.

सोलापूर शहरात अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून बायका उपचारासाठी येतात. काही जणी सोलापुरातून पुण्याला जातात. पुणे अडीचशे किलोमीटरवर. त्यामुळे अंडी काढल्यावर किंवा गर्भ सोडल्यावर परतीचा प्रवास, घरी पोहोचल्यावर दुखू लागले तर कुणाला विचारायचे, हे प्रश्न इथे वैद्यकीय प्रश्नांइतकेच मोठे असतात. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू बोलले जाते, इतरत्र कन्नड आणि उर्दूही. सूचनांचा कागद हातात दिला तरी तो सगळ्यांनाच वाचता येतो असे नाही. जिथे तो तोंडी समजावून सांगितला जातो, तिथे रात्री-अपरात्रीचे फोन कमी येतात.

बदल का होतात

एरवी दर महिन्याला अंडाशयात अनेक पुटिका, म्हणजे अंडे असलेल्या द्रवाच्या बारीक पिशव्या, वाढू लागतात. त्यांतली एकच पूर्ण पिकते, बाकीच्या विरून जातात. आयव्हीएफमध्ये आठ-बारा दिवस दिलेल्या इंजेक्शनांनी त्या विरणाऱ्या पुटिकाही वाढवल्या जातात. आवळ्याएवढे अंडाशय अशा वेळी मोसंबीएवढे होऊ शकते, आणि अशी दोन्ही बाजूंना असतात. पोट जड वाटणे, साडीची गाठ किंवा सलवारीची नाडी घट्ट होणे, चालताना ओटीपोटात ठणकणे हे सगळे या वाढलेल्या आकाराचे. पुटिका वाढतात तसे इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते. त्याने स्तन दुखतात, अंगात पाणी साठते, वजन किलो-दोन किलोने वाढते. ‘इंजेक्शनांनी शरीर सुटतं’ असे शेजारीपाजारी म्हणतात ते या पाण्यामुळे. ते चरबीचे वजन नव्हे. पाळी येऊन गेली की बहुतेक उतरते.

यानंतर ‘ट्रिगर’चे, म्हणजे अंडी पूर्ण पिकवण्याचे, इंजेक्शन देतात आणि साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात. तिथून पुढे कारभार प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाकडे जातो. नैसर्गिक चक्रात ते अंडे सुटून गेलेल्या पुटिकेतून तयार होते. आयव्हीएफमध्ये ही व्यवस्था कमकुवत पडते, म्हणून प्रोजेस्टेरॉन बाहेरून द्यावे लागते: योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या किंवा जेल, कमरेतले इंजेक्शन किंवा तोंडाने घ्यायच्या गोळ्या. गोठवून ठेवलेला गर्भ सोडताना अनेकदा सगळी मदार या औषधांवरच असते. तेव्हा रिपोर्ट चांगला आला तरी ती दहा-बारा आठवड्यांपर्यंत चालू राहतात. ‘आता दिवस गेले, गोळ्या कशाला’ म्हणून मध्येच बंद करणे ही घरगुती शहाणपणातली सगळ्यांत महागडी चूक.

गोळ्या आणि आययूआय

अंडे पिकवण्याच्या गोळ्यांनी काहींना डोके दुखते, अंगातून गरम वाफा येतात, थकवा वाटतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा या वाफा कोणत्या आणि उन्हाच्या कोणत्या हे सांगणे अवघड. क्लोमिफिनच्या गोळ्यांवर असताना डोळ्यांसमोर अंधुक दिसू लागले किंवा प्रकाशाचे पट्टे दिसले, तर मात्र पुढची गोळी न घेता डॉक्टरांना सांगायचे. आययूआय केल्यावर थोडी कळ येणे, एखाद-दुसरा डाग लागणे, पाण्यासारखा स्राव येणे नेहमीचे आहे. तो स्राव म्हणजे ‘सगळं बाहेर आलं’ असे नव्हे. शुक्रजंतू तोवर गर्भाशयात पोहोचलेले असतात.

अंडी काढल्यानंतर

सोनोग्राफीत पाहत, योनीच्या भिंतीतून सुई घालून, भूल देऊन अंडी काढतात. त्याच दिवशी घरी सोडतात. त्या दिवशी गुंगी, मळमळ आणि पाळीसारखी कळ असते. एक-दोन दिवस लालसर किंवा तपकिरी डाग लागतो. पोटाची फुगवट मात्र लगेच जात नाही, कारण रिकाम्या झालेल्या पुटिका पुन्हा द्रवाने भरतात. काही जणींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उलट जास्त वाटते. आठवडा-दहा दिवसांत उतरते. बद्धकोष्ठाने त्यात भर पडते. भूल, प्रोजेस्टेरॉन आणि पडून राहणे ही तिन्ही त्याची कारणे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक चालते. शेंगाचटणी कुणी बंद करत नाही, पण तिच्यातल्या मिठाने तहान आणि सूज वाढत असेल तर चार दिवस हात आखडता घ्यावा.

या काळात उड्या मारणे, जड हंडा उचलणे, जोराचा व्यायाम आणि संबंध टाळायला सांगतात. त्याचे कारण गर्भ पडेल हे नसून, जड झालेले अंडाशय स्वतःभोवती पिळले जाण्याचा धोका हे आहे. पीळ बसला तर एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू होतात. अशा वेळी तासन्‌तास वाट पाहायची नसते.

गर्भ सोडल्यानंतरचे दिवस

तिसऱ्या किंवा पाचव्या दिवसाचा गर्भ मऊ नळीने गर्भाशयात सोडतात. सहसा भूल लागत नाही. लघवीची पिशवी भरलेली ठेवायला सांगतात, म्हणून टेबलावरून उतरताच पहिली भीती लघवीची: ‘गेले तर पडेल का?’ पडत नाही. लघवीची पिशवी आणि गर्भाशय वेगवेगळे अवयव आहेत, आणि गर्भाशयाच्या दोन भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. गर्भ त्यांच्यामध्ये असतो. शिंक, खोकला, जिना, रिक्षाचा धक्का यांनी तो निसटत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने बसून पुण्याहून आलेल्या बाईचा उपचार प्रवासामुळे फसला असे म्हणायला आधार नाही. पंधरा दिवस खाटेवर पडून राहण्याचाही फायदा अभ्यासांत दिसलेला नाही. उलट इस्ट्रोजेन वाढलेले असताना सलग पडून राहिल्यास पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. मांडीत सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या आणि कारखान्यात बसून कांड्या भरणाऱ्या बायकांनी दर तासाला उठून चार पावले टाकणे एवढ्यासाठीच गरजेचे.

विडी कामगार बाईच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. तंबाखू सतत हाताळल्यानेही मळमळते, डोके दुखते, गरगरते. ही लक्षणे ‘डोहाळे’ समजली जाण्याची शक्यता तिच्या बाबतीत जास्त.

डागांबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण सगळ्यांत जास्त घबराट त्याचीच. योनीमार्गात गोळी ठेवताना गर्भाशयाचे तोंड खरचटते. त्याने गुलाबी किंवा तपकिरी डाग लागतो. त्या गोळ्यांचा पांढरा, दह्याच्या कवडीसारखा चोथा बाहेर येतो आणि तो पांढरे जाणे समजला जातो. गर्भ रुजताना काहींना डाग लागतो. न रुजता पाळी येणार असली तरी लागतो. एखाद्या डागाला अर्थ नसतो. पाळीसारखा भरपूर रक्तस्राव सुरू झाला तरी आपल्या मनाने औषध थांबवायचे नसते. ‘सिस्टर, गेलं का हो सगळं?’ या प्रश्नाला फोनवरून खरे उत्तर नसते; रक्त तपासावे लागते.

कमरेत तेलातले प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांना तिथे गाठी येतात. आलटून पालटून बाजू बदलणे आणि कोमट शेक एवढ्याने भागते. गाठ लाल, गरम होऊन दुखू लागली तर मात्र दाखवावी. प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढलेले असते. सोलापूरच्या पत्र्याच्या घरात दुपारी थर्मामीटर लावून ३७.३ दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही. ३८ अंश म्हणजे १००.४ फॅरनहाइट ओलांडले की तो ताप. उन्हाळ्यात औषधेही सांभाळावी लागतात. काही इंजेक्शनांना २ ते ८ अंशांचा फ्रिज लागतो, आणि शहरातून गावी नेताना ती बर्फाला थेट टेकली तर गोठून निकामी होतात. त्यांच्याभोवती कापड गुंडाळून मग बर्फाच्या डब्यात ठेवतात.

घरी चाचणी करण्याचा मोह न आवरणाऱ्यांसाठी: ट्रिगरच्या बहुतेक इंजेक्शनांत जे एचसीजी हे संप्रेरक असते, तेच गर्भारपणाच्या पट्टीत शोधले जाते. ते दहा ते चौदा दिवस अंगात राहू शकते. म्हणून लवकर केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटतात आणि चार दिवसांनी पुसल्या जातात. घरात पेढे वाटून झालेले असतात. उलट फार लवकर केल्यास खरे असूनही एकच रेघ येते. बीटा एचसीजीची रक्ततपासणी केंद्राने दिलेल्या तारखेलाच करावी, आणि एका आकड्यापेक्षा ४८ तासांनंतरच्या दुसऱ्या आकड्याला महत्त्व असते. तो सुरुवातीच्या दिवसांत साधारण दुपटीच्या दिशेने चढायला हवा.

पपई, अननस, तीळ यांच्या घरगुती यादीवर इथे वेळ घालवत नाही. एक मात्र नोंदवायला हवे: सिद्धेश्वराचे श्रावणी सोमवार, एकादशी किंवा रोजे धरणाऱ्या बाईने अंडी काढल्यानंतरच्या आठवड्यात निर्जळी राहू नये. त्याचे कारण पुढे येते.

सामान्य नसलेले

अंडाशयाला उपचार जास्त मानवला तर रक्तवाहिन्यांतले पाणी झिरपून पोटात साठते. याला अंडाशयाचे अतिउद्दीपन म्हणतात. पीसीओडी (अंडाशयांत अनेक अर्धवट वाढलेल्या पुटिका साठण्याचा विकार) असलेल्या, तरुण, भरपूर पुटिका झालेल्या बायकांत ते अधिक दिसते. पहिली लाट ट्रिगरनंतर आठवड्याच्या आत येते. दिवस राहिले असतील तर शरीरातल्या नव्या एचसीजीमुळे दुसरी लाट आणखी आठवड्याभराने येते. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले, दिवसाला किलोहून जास्त वजनवाढ, लघवी कमी आणि गडद, दम लागणे, आडवे झाल्यावर धाप, सारख्या उलट्या ही त्याची खूण. रक्त घट्ट होत असल्याने पाण्यावाचून राहणे इथे घातक, आणि ‘पोटात पाणी झालंय, म्हणून पाणी पिऊ नको’ हा सल्ला तर उफराटा. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहिणे हा साधा उपाय केंद्रे सुचवतात. धोका आधीच दिसला तर ट्रिगरचे औषध बदलतात आणि गर्भ गोठवून पुढच्या महिन्यावर नेतात.

तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव, थंडी वाजून ताप, घाण वास येणारा स्राव, एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणे, छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. तपासणीत दिवस राहिल्याचे कळल्यावर पोटात एका बाजूला दुखणे, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर येऊन पडणे असे घडले तर गर्भ गर्भनलिकेत राहिल्याची शंका घेतात. आयव्हीएफमध्ये गर्भ गर्भाशयातच सोडला असला तरी तो नळीकडे सरकून तिथे रुजू शकतो. सहाव्या-सातव्या आठवड्यातली सोनोग्राफी म्हणूनच चुकवायची नसते. पुण्यात उपचार घेतलेल्या बाईने अशा वेळी पुण्याची गाडी न पकडता जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’, आहे. उपचाराची फाईल मात्र सोबत हवी.

खांदा दुखण्याला एक निरुपद्रवी कारणही आहे. दुर्बिणीने पोट तपासताना भरलेला वायू छाती-पोटामधल्या पडद्याखाली राहतो आणि दोन-तीन दिवस खांदा धरतो. नळ्या तपासायचा एक्स-रे झाल्यावरही कळ आणि डाग असतो. पुरुषांत अंडकोषातून शुक्रजंतू काढले असतील तर काही दिवस सूज, निळसरपणा, दुखणे असते. घट्ट आतले कपडे आणि थंड शेक एवढ्यावर ते आटोपते. याबद्दल पुरुष सहसा बोलत नाहीत, आणि त्यांना कुणी विचारतही नाही.

रिपोर्टनंतर

दिवस राहिले तर लक्षणे रोज सारखी राहत नाहीत. एका सकाळी स्तन हलके वाटले, मळमळ थांबली म्हणून काही बिघडले असे नसते. रिपोर्ट नकारार्थी आला तर औषधे डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद होतात आणि काही दिवसांत पाळी येते. ती नेहमीपेक्षा जास्त, गाठींची आणि दुखरी असू शकते, कारण औषधांनी अस्तर जाड झालेले असते. पुढची पाळी काही दिवस मागेपुढे होते. संप्रेरके एकदम उतरल्याने रडू अनावर होते. त्यात निराशेचा वाटा किती आणि औषधाचा किती हे वेगळे काढता येत नाही. झोप-भूक दोन आठवडे उडालेलीच राहिली, तर तीही डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट.

दुसऱ्या खेपेच्या आधी सासरी-माहेरी हमखास निघणारा प्रश्न असतो, ‘एवढी अंडी काढली, मग पाळी लवकर जाणार का?’ तसे होत नाही. काढलेली अंडी त्या महिन्यात एरवी विरून जाणाऱ्यांपैकीच असतात. पुढच्या वर्षांच्या साठ्याला हात लागत नाही. अंडाशये काही आठवड्यांत मूळ आकाराला येतात, आणि पुढचे चक्र सुरू करण्याआधी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून तेच पाहिले जाते.