क्वाड्रॅटिक फंडिंग
क्वाड्रॅटिक फंडिंग म्हणजे सगळ्यांच्या उपयोगाच्या कामांना पैसे वाटायची एक विकेंद्रित पद्धत. कुठल्या कामाला किती मिळणार हे इथे समिती ठरवत नाही, लोकांनी दिलेल्या लहान-मोठ्या देणग्या एका सूत्रात घालून ते ठरतं, आणि वरचे पैसे आधीच बाजूला काढलेल्या मॅचिंग फंडातून येतात. (मराठीत 'वर्गीय निधी' म्हटलं की इयत्ता नाहीतर समाजातला वर्ग डोळ्यासमोर येतो, म्हणून इंग्रजी नावच ठेवलंय.)

सूत्र सोपं आहे. प्रत्येक देणगीचं वर्गमूळ काढायचं, त्यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेचा वर्ग करायचा. १०० जणांनी १-१ नाणं दिलं तर कामाला १०,००० मिळतात, एकट्याने १०० दिली तर १००च. म्हणजे किती पैसे आले यापेक्षा किती जणांनी दिले याला वजन जास्त.

उगमाबद्दल मात्र एकमत नाही. प्रश्न जुना आहे: अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसनने १९५४ मध्ये दाखवलं की सार्वजनिक वस्तूंची (म्हणजे सगळ्यांच्या उपयोगाच्या गोष्टींची) योग्य पातळी विकेंद्रित किंमत-व्यवस्थेतून ठरू शकत नाही, कारण खरी गरज लपवून फुकटात फायदा घेणं प्रत्येकाच्या सोयीचं असतं. त्याआधी १९१९ मध्ये लिंडालने ज्याला जितका फायदा त्याने तितका वाटा उचलावा असं मांडलं होतं, पण फायदा खरा सांगायला लावायचं कसं हे अडलेलंच होतं. विल्यम विकरी (१९६१), क्लार्क (१९७१) आणि ग्रोव्ह्ज (१९७३) या अर्थशास्त्रज्ञांनी खरं सांगणंच फायद्याचं ठरेल अशी रचना केली, पण तिचा जमाखर्च जुळत नाही आणि दोघंतिघं संगनमत करून ती सहज मोडू शकतात. वर्गाचं गणित येतं ते ग्रोव्ह्ज-लेडयार्डच्या १९७७ च्या करनियमात, आणि मग हिलंड-झेकहाउझर यांच्या १९७९ च्या सुमाराच्या शोधनिबंधात, ज्यात प्रत्येकाला ठरावीक गुण आणि प्रभाव मात्र खर्च केलेल्या गुणांच्या वर्गमुळाइतका. अर्थशास्त्रज्ञ ग्लेन वाइलने २०१२ च्या आसपास हीच कल्पना मतदानासाठी मांडली, म्हणून काहीजण सगळं श्रेय त्याला देतात. आमच्या मते मतदानाचा नियम हिलंड-झेकहाउझर यांचा धरणं जास्त बरोबर, आणि निधीचं सूत्र व्हिटालिक ब्युटेरिन (इथेरियम या ब्लॉकचेनचा सहसंस्थापक), झोई हिट्झिग आणि वाइल यांचं, जे २०१८ मध्ये मसुदा म्हणून आलं आणि २०१९ मध्ये छापलं गेलं.

वर्गमूळच का, घनमूळ का नाही, हे समजल्याशिवाय या पद्धतीची खरी गंमत कळत नाही. समजा माझं वर्गमूळ एकूण बेरजेच्या एक दशांश आहे, तर मी अजून १ नाणं दिलं की कामाला जवळपास १० जास्त मिळतात. म्हणजे कामावर खर्च होणारं पुढचं नाणं मला एक दशांशापेक्षा जास्त मोलाचं वाटतंय तोवर मी देत राहणार आणि मोल तिथवर उतरलं की थांबणार. प्रत्येकजण असाच आपापल्या वाट्यावर थांबतो, आणि सगळे वाटे मिळून होतात बरोबर १, म्हणजे शेवटच्या नाण्याचा सगळ्यांना मिळून फायदा १ नाणं, आणि सॅम्युएलसनने योग्य पातळीसाठी सांगितलेली अट नेमकी तीच होती. यात दोन गोष्टी गृहीत आहेत: प्रत्येकजण स्वतःपुरता, सुटासुटा विचार करतो, आणि मॅचिंगचे पैसे देणाऱ्यांच्या खिशातून परत वसूल होत नाहीत. खरा फंड तर मर्यादितच असतो, मग सगळ्यांचं मॅचिंग एकाच प्रमाणात कमी करतात, आणि तिथे वरचा सिद्धांत पूर्ण लागू पडत नाही.

मोठी अडचण ओळखीची आहे. एकानेच १०० खाती काढून प्रत्येकातून १ नाणं दिलं की १०० ची १०,००० होतात, याला सिबिल हल्ला म्हणतात. 'एक माणूस' कोण हे कुणीतरी पडताळावंच लागतं, आणि त्या जागी विकेंद्रितपणा कमी होतो हे मान्य करायला हवं. यावर ब्युटेरिनने २०१९ मध्ये देणाऱ्यांच्या जोडीनिहाय हिशोब सुचवला. वरच्या उदाहरणात मॅचिंग ९,९०० आहे, आणि १०० जणांच्या ४,९५० जोड्या होतात, प्रत्येक जोडीमागे २. मग ज्या जोड्या दरवेळी त्याच त्याच कामांना पैसे देताना दिसतात त्यांचा हिस्सा कमी करायचा. मतं विकत घेणं रोखायला कोणी कुणाला दिलं हे गुप्त ठेवणाऱ्या कूटलेखनाच्या पद्धतीही निघाल्या आहेत, कारण पुरावाच दाखवता आला नाही तर विकत घेणाऱ्याचा भरवसा उरत नाही.

प्रत्यक्ष वापर मुख्यतः इथेरियमच्या भोवतीच झाला. गिटकॉइन या निधी उभारणाऱ्या व्यासपीठाने २०१९ च्या सुरुवातीला पहिली फेरी घेतली, फंड २५,००० डॉलरचा, मुख्यतः मुक्त सॉफ्टवेअरसाठी. सख्खं भावंड असलेलं क्वाड्रॅटिक मतदान (जितकी मतं, त्यांच्या वर्गाइतके गुण खर्च) त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या कनिष्ठ सभागृहातल्या डेमोक्रॅट सदस्यांनी प्रत्येकी १०० टोकन घेऊन विधेयकांची पसंती ठरवायला वापरलं. तैवानच्या राष्ट्राध्यक्षीय हॅकेथॉनमध्ये ९९ गुण देतात, ९ मतांना ८१ लागतात आणि दहावं मत परवडत नाही, त्यामुळे उरलेले १८ दुसऱ्या प्रकल्पांकडे बघायला लावतात. काम झाल्यावर मागाहून बक्षीस देण्याचा वेगळा मार्ग इथेरियमवर उभ्या असलेल्या ऑप्टिमिझम या जाळ्याने २०२१ पासून धरला, त्यात सुरुवातीच्या फेऱ्यांत निवडलेले सदस्य मत देत.