एकच उंदीर, अनेक यंत्रं

स्तनाच्या कर्करोगावरचं नवं औषध उंदरांवर तपासायचं तर पूर्वी दर काही दिवसांनी थोडे उंदीर मारून गाठ कापून पाहावी लागे. त्यामुळे प्रत्येक उंदीर आजाराचा एकच क्षण दाखवायचा. आता एकाच जिवंत उंदराच्या प्रतिमा आठवडेच्या आठवडे घेता येतात, आणि उंदीरही कमी लागतात.

पण एकाच यंत्राने भागत नाही. प्रयोगात फार वापरल्या जाणाऱ्या ‘४टी१’ या उंदराच्याच स्तनकर्करोगाच्या पेशी उंदराच्या स्तनग्रंथीत सोडल्या की आजार तिथून फुफ्फुसं, यकृत आणि हाडांत पसरतो. या पेशींत काजव्याचं ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) बनवणारं जनुक घातलेलं असेल, तर त्या विकराशी क्रिया होऊन उजेड देणारं ल्युसिफेरिन हे द्रव्य टोचल्यावर जिवंत पेशी मंद उजळतात आणि अतिशय संवेदनशील कॅमेरा तो उजेड टिपतो. मात्र शरीरातून बाहेर येताना तो विखुरतो. फुफ्फुसात काहीतरी आहे एवढं कळतं. नेमकं कुठे, ते सीटी किंवा एमआरआय सांगतं.

खरी पंचाईत पुढे होते. समजा, गाठ वाढतेय पण उजेड घटतोय. औषध लागू पडलं? कदाचित. किंवा गाठीच्या मध्यभागी रक्त पोचेनासं झालं, तिथल्या पेशी मेल्या आणि ल्युसिफेरिनही आत शिरेना. नुसता उजेड पाहणारा इथे हमखास फसेल. कॉन्ट्रास्ट (रक्तातून फिरून प्रतिमेत उठून दिसणारं द्रव्य) देऊन केलेल्या एमआरआयमध्ये रक्त न पोचणारा भाग वेगळा दिसतो, तर किरणोत्सारी साखर टोचून केलेल्या पेट (पीईटी) स्कॅनमध्ये कोणत्या पेशी साखर ओढताहेत ते कळतं. पेटसाठीच्या साखरेला जोडलेलं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ साधारण ११० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे रेंगाळून चालत नाही.

या प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसवणं हे, माझ्या मते, सगळ्यांत किचकट काम. उंदीर जरा कुशीवर वळला तरी पोटातले अवयव सरकतात. म्हणून भूल दिलेल्या उंदराला उचलत नाहीत. तो झोपलेला ट्रेच या यंत्रातून त्या यंत्रात नेतात. त्याला ऊबही द्यावी लागते. गारठलेल्या उंदराची तपकिरी चरबी उष्णतेसाठी साखर जाळते आणि पेटमध्ये खांद्यांमधला भाग गाठीसारखा चमकतो. सोबत सीटी असेल तर ती चरबीच आहे हे लगेच उमगतं.

सीटीलाही मर्यादा आहेच. वारंवार काढलेल्या सीटीतल्या क्ष-किरणांची मात्रा साचत जाते आणि गाठीच्या वाढीवर तिचाच परिणाम होऊ शकतो. त्यामुळे सीटी किती वेळा काढायचा, हे पहिल्या उंदराला भूल देण्याआधीच ठरवून ठेवावं लागतं.