गृहपाठ करून घेणारा वर्ग आणि पाया भरून काढणारा वर्ग

शाळा सुटल्यानंतर वस्तीत भरणाऱ्या एखाद्या वर्गात डोकावून बघा. वीस-पंचवीस मुलं जमिनीवर बसलेली, कुणाच्या मांडीवर वही, कुणाचं पेन्सिलीला टोक करणं अजून संपलेलं नाही, आणि मधे एक ताई, जिला एकाच वेळी तीन बाजूंनी हाका येताहेत. फी नाही, शिकवणारी जवळपासचीच. याला कुणी अभ्यासिका म्हणतं, कुणी अभ्यासवर्ग, मुलं नुसतंच ‘क्लास’ म्हणतात. पण या एकाच दृश्यामागे दोन अगदी निरनिराळी कामं चाललेली असू शकतात. एक म्हणजे शाळेने दिलेला गृहपाठ करून घेणं. दुसरं, शाळेत जे कधी शिकायचं राहूनच गेलं ते मुळापासून शिकवणं. सोयीसाठी पहिल्याला गृहपाठवर्ग म्हणू आणि दुसऱ्याला पायावर्ग.

गृहपाठवर्गात ताईचा पहिला प्रश्न असतो, “आज काय दिलंय?” पायावर्गात ती म्हणते, “हे वाचून दाखव बरं.” पुढचे सगळे फरक इथूनच फुटतात.

एक वजाबाकी घेऊ. पाचवीतल्या मुलाच्या वहीत 42 वजा 17 आहे आणि त्याने उत्तर लिहिलंय 35. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सातातून दोन काढले, पाच आले. चारातून एक गेला, तीन. त्याच्या परीने हिशेब चोख आहे. गृहपाठवर्गात ताईच्या मागे नऊ मुलं वह्या घेऊन उभी असतात. ती म्हणते, “अरे, हातचा घे ना!” चारावर काट मारते, वर तीन लिहिते, दोनाचे बारा करते. बारातून सात गेले पाच, तीनातून एक गेला दोन. पंचवीस. मुलगा मान डोलावतो. पुढचं उदाहरण 61 वजा 24, आणि तो शांतपणे 43 लिहितो.

पायावर्गात याच मुलासमोर काड्या येतात. दहा-दहाचे चार गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या. “मला यातल्या सतरा दे.” तो एक गठ्ठा देतो. मग दोन सुट्या देतो. मग थांबतो. अजून पाच हव्यात, आणि हातात उरलेत फक्त गठ्ठे. या थांबण्याच्या वेळी ताईने तोंड बंद ठेवणं हे तिचं सगळ्यात अवघड काम असतं. मिनिटभर तो गठ्ठ्याकडे बघतो, ताईकडे बघतो, आणि एकदाचं रबर काढतो. ‘दशक सुटा करणं’ हे शब्द त्याने तिसरीपासून ऐकलेले असतात. ते काय आहे हे त्याला आत्ता कळतं. यात वीस मिनिटं जातात. गृहपाठाची बाकीची नऊ गणितं तशीच राहतात, आणि उद्या शाळेत त्याबद्दल ओरडा बसणार असतो.

वाचनात हा फरक आणखी सहज लपतो. एका वर्गात मी चौथीतल्या मुलीची वही बघितली होती. मोत्यासारखं अक्षर, तीन-तीन पानांची उत्तरं, खाली लाल शाईत ‘छान’. तिने स्वतः लिहिलेल्या पानावरच्या एका शब्दावर बोट ठेवून म्हटलं, हे काय आहे? ती गप्प. शब्द होता ‘पाऊस’. बराच वेळ बघून म्हणाली, “पाणी.” ‘पा’ ओळखला होता, पुढचं अंदाजाने. सगळी उत्तरं गाइडमधून उतरवलेली होती. अक्षरं तिच्या हाताला येत होती, डोळ्यांना येत नव्हती. त्या वर्गाच्या नोंदीत ती नियमित गृहपाठ पूर्ण करणारी विद्यार्थिनी होती, आणि त्या नोंदीत खोटं काहीच नव्हतं.

अशी मुलं थोडी असतील असं वाटू शकतं. ‘असर’ ही पाहणी 2005 पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावते. 2022 च्या पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी 42.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. बाकीची मुलं पाचवीचा गृहपाठ करत होती. त्यातली किती तो वाचून करत होती, हा प्रश्न गृहपाठवर्गात कुणी विचारत नाही, कारण तिथे तशी वेळच येत नाही. वही भरली की काम संपलं.

‘असर’ची चाचणी पायावर्गालाही चालते, आणि ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याला ती चाचणी वाटतच नाही. एका कागदावर अक्षरं, शब्द, एक छोटा परिच्छेद आणि जरा मोठी गोष्ट. मूल जिथवर नीट वाचतं तो त्याचा गट. गणितात अंक ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मग तिसरीतलं, चौथीतलं आणि पाचवीतलं मूल एकाच ‘शब्द’ गटात बसतं आणि शाळेतली इयत्ता त्या तासापुरती बाजूला राहते. काही आठवड्यांनी पुन्हा वाचून घ्यायचं, गट बदलायचे. ‘प्रथम’ या संस्थेने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.

या पद्धतीच्या आधीचा, ‘प्रथम’चाच ‘बालसखी’ कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत झाला. त्याचा अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुण मुलींना सुमारे दोन आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. या मुली वर्गातल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन वाचन-गणिताचा पाया शिकवत. हे शाळेच्या वेळेत होत होतं, त्यामुळे शाळेनंतरच्या वर्गाला ते जसंच्या तसं लागू करता येणार नाही. पण त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती झाली. ही मुलं उठून गेल्यावर मूळ वर्गातली गर्दी कमी झाली, तरी तिथे राहिलेल्यांना त्याचा काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे नुसती गर्दी कमी करून भागलं नव्हतं. कामाला आलं ते मुलाच्या पातळीवर जाऊन शिकवणं. आणि एवढंही लगेच सांगायला हवं की कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात या फायद्याचा बराच भाग ओसरला. सर्वांत मागे असलेल्या मुलांत थोडासा टिकला.

शाळेनंतरच्या वर्गाचंच उदाहरण हवं असेल तर ते उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याचं आहे. तिथे गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग घेतले. 2010 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, सुरुवातीला काहीच वाचता न येणारं जे मूल या वर्गाला आलं, त्याची अक्षरं ओळखण्याची शक्यता इतर गावांतल्या तशाच मुलापेक्षा 60 टक्के-बिंदूंनी, म्हणजे शंभरात साठाने, वाढली. फार मोठी उडी आहे ही. पण वर्गाला आली किती मुलं? गावांतल्या मुलांपैकी सुमारे 8 टक्के. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यातही जेमतेम 13 टक्के.

इथे पायावर्गाची खरी दुखरी नस सापडते, असं माझं मत आहे. शिकवण्याची रीत सापडली तरी मुलं येत नाहीत. का येतील? पाचवीतल्या मुलाला दुसरीतल्या भावाच्या शेजारी बसून ‘काना, मात्रा, वेलांटी’ करायची लाज वाटते. पालकांना वाटतं, शाळेत भूमिती चालू आहे आणि या बाई काड्या मोजायला लावताहेत. उद्याच्या ओरड्यापासून मुलाला पायावर्ग वाचवत नाही, गृहपाठवर्ग वाचवतो. मुलाच्या जागी बसून बघितलं तर गृहपाठवर्ग निवडणं अगदी शहाणपणाचं आहे.

आणि गृहपाठवर्गाला कमी लेखायचं कारण नाही. गृहपाठ देताना शाळेने गृहीत धरलेलं असतं की घरी टेबल आहे, दिवा आहे, शांतता आहे आणि अडलं तर सांगणारं शिकलेलं माणूस आहे. घरातलं शाळेत जाणारं पहिलंच मूल असेल तर यातलं शेवटचं हमखास नसतं. ती रिकामी जागा गृहपाठवर्ग भरतो. ज्या मुलाला नीट वाचता येतं पण बसायला कोपरा नाही, त्याला काड्या देऊन बसवणं हा त्याचा अपमान आहे. आठवी-नववीतल्या चांगलं वाचणाऱ्या मुलीला बीजगणितातल्या एका पायरीवर अडलंय. तिला दहा मिनिटं कुणीतरी हवं, बस्स. शिवाय संध्याकाळी पालक कामावरून येईपर्यंत मूल एका सुरक्षित जागी आहे, हीही छोटी गोष्ट नाही.

पायावर्ग नेहमीच जिंकतो असंही नाही. अमेरिकेत दुसरी ते पाचवीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2008 आणि 2009 मध्ये आले. तिथे शाळेनंतरच्या नेहमीच्या वर्गात अभ्यासाच्या नावाखाली मुख्यतः गृहपाठाला मदत होत असे. काही मुलांना तीच मदत चालू ठेवली, काहींना त्याऐवजी आखीव गणित किंवा आखीव वाचन शिकवलं. गणितात फायदा झाला, साधारण महिनाभराच्या जादा शिक्षणाएवढा. वाचनाच्या एकूण गुणांत काहीच फरक पडला नाही. नुसती आखीव पुस्तिका हातात दिली की पायावर्ग तयार होत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते.

मग वस्तीतले बहुतेक वर्ग पायावर्ग म्हणून सुरू होतात आणि सहा महिन्यांत गृहपाठवर्ग होऊन बसतात, ते का? कुणी ठरवून करत नाही. परीक्षा जवळ आली की एक आई येऊन म्हणते, “ताई, दोन आठवडे तेवढा अभ्यास घ्या.” ते दोन आठवडे संपतच नाहीत. भरलेली वही त्याच दिवशी दाखवता येते. ‘शब्द’ गटातून ‘परिच्छेद’ गटात जायला कित्येक आठवडे लागतात, आणि ते दिसायला पुन्हा वाचून घ्यावं लागतं. शिकवणाऱ्या ताईलाही, खरं सांगायचं तर, बरोबर उत्तर सांगून टाकणं सोपं जातं. गंमत अशी की ज्ञानाच्या दृष्टीने गृहपाठवर्गच जास्त अवघड आहे: तिसरी ते आठवीचे सगळे विषय एकाच माणसाला, एकाच संध्याकाळी यायला हवेत. पायावर्गाला बारावी झालेली ताई पुरते, फक्त तिला गप्प बसता यायला हवं.

दोन्ही एकाच खोलीत चालवायचे असतील तर घड्याळ लावण्यावाचून गत्यंतर नाही. पहिला अर्धा तास गृहपाठ. मुलाने जमेल तेवढं स्वतः करायचं, अडलं तर शेजारच्याला विचारायचं, उत्तरं उतरवायची नाहीत. अर्ध्या तासाने वह्या दप्तरात आणि दप्तरं भिंतीला. मग इयत्ता विसरून गट. हा क्रम उलटा केला तर गृहपाठाच्या धास्तीने मुलांचं गटात लक्ष लागत नाही. आठवी-नववीची मुलं दुसऱ्या कोपऱ्यात आपला अभ्यास करत बसू शकतात. त्यांच्यातलीच एखादी ‘अक्षर’ गटातल्या दोघांना घेऊन बसली तर ताईचा भार हलका होतो. मोठ्या मुलाला लहानांच्या गटात बसायची लाज वाटत असेल तर त्याला काड्यांचे गठ्ठे बांधायचं काम द्या. बांधता बांधता तोही दहा मोजतो.

आणि अपुऱ्या राहिलेल्या गृहपाठाचं काय? त्यासाठी शाळेतल्या शिक्षकांशी बोलावं लागतं, आणि हे काम बहुतेक वर्ग टाळतात. एका मुलाच्या वहीत आम्ही चिठ्ठी लावून पाठवली होती: “सर, ही तीन गणितं त्याने कुणाच्या मदतीशिवाय केली आहेत. बाकीची सात राहिली.” सरांनी खाली लिहिलं, “चालेल. उद्याही तीनच.” दुसऱ्या एका मुलीच्या वहीतली तशीच चिठ्ठी फाडून परत आली होती, आणि त्यानंतर ती आठवडाभर वर्गाला फिरकली नाही.

एखाद्या वर्गाला मदत करायची असेल, किंवा आपलं मूल पाठवायचं असेल, तर ‘किती मुलं येतात’ याने काही कळत नाही; दोन्हीकडे मुलं येतात. वह्या चाळा. सगळी उत्तरं बरोबर, सगळ्यांची वाक्यं सारखी, खाडाखोड नाही, तर काय चाललंय ते समजलं. मग ताईला विचारा, गेल्या तीन महिन्यांत कोणतं मूल कुठल्या गटातून कुठल्या गटात गेलं? काही ठिकाणी ती हजेरीपट काढून दाखवेल. काही ठिकाणी कपाटातून एक चुरगळलेला कागद निघेल, खोडून-खोडून काळा झालेला, आणि ती बोट ठेवून सांगू लागेल: ही दिवाळीआधी ‘अक्षर’मध्ये होती, आता ‘शब्द’मध्ये आहे, जोडाक्षराला अजून अडते, हा मात्र तिथेच आहे, याचं काय करावं ते मला अजून कळलेलं नाही.